लातूर: सांगाडा ठीक, पण टाकी, कठडा, सीलिंग, सिलिंडर भूकंपात टिकतील का हे कसं तपासायचं?

प्रश्न
तळमजला अधिक दोन मजले, 30 खाटांचा दवाखाना, जुनी आरसीसी (लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची) फ्रेम. कॉलम-बीमची तपासणी झाली, अहवाल चांगला आला. पण गच्चीवरची टाकी, कठडा, चार इंची पार्टिशन, फॉल्स सीलिंग, ऑक्सिजनची खोली यांवर त्यात एक ओळ नाही. टाकी 1000 लिटरची, 1 मीटर उंच लोखंडी स्टँडवर, पाय नुसते टेकवलेले. सुरुवात कुठून करू?

उत्तर 1
गच्चीवरून. हादरा वर जाताना वाढतो आणि पडलेली वस्तू थेट दाराशी येते.

भूकंपाचा भारतीय कोड आयएस 1893 (2016) प्रमाणे लातूर झोन 3, त्याचा झोन गुणांक झेड 0.16. दवाखाना म्हणून महत्त्व गुणांक 1.5, साधी जुनी फ्रेम म्हणून आर (फ्रेम किती लवचीकपणे हादरा झेलते तो आकडा) 3 धरा; कोडच्या सूत्राने आडव्या जोराचा गुणांक 0.10 येतो, म्हणजे वजनाच्या 0.10 पट जोर. छपरावर उभ्या राहणाऱ्या वस्तूंना त्याच्या पाचपट, म्हणजे 0.5.

तुमची टाकी भरल्यावर साधारण 1 टन. आडवा जोर 500 किलो, गुरुत्वमध्य गच्चीपासून 1.6 मीटरवर, म्हणजे उलथवणारा मोमेंट (जोर गुणिले उंची) 800 किलो-मीटर. स्टँड 1 मीटर रुंद असेल तर वजन सावरतं फक्त 500. टाकी उलटणार. एका बाजूच्या दोन पायांना मिळून 300 किलोचा उचल रोखावा लागेल.

इथे हमखास चूक होते: अँकर बोल्ट गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात ठोकतात. कोबा पकड देत नाही. तो कापून बीमच्या रेषेवर छोटे आरसीसी पेडेस्टल (ठोकळे) घ्या, त्यांच्या सळ्या बीममध्ये चिकटवणाऱ्या केमिकलने रोवा, पायाला बेसप्लेट लावा, मग वॉटरप्रूफिंग पुन्हा करा. स्टँडला तिरपे ब्रेसिंग हवेच. टाकीचा पाइप लवचीक जोडा.

कठडा 115 मिमी जाड, 1 मीटर उंच आणि मोकळा असेल तर त्याच 0.5 ला तळाशी ताण सुमारे 0.24 न्यूटन प्रति चौ.मिमी येतो. वीटकामाचा कोड आयएस 1905 तिथे फक्त 0.07 चालवून घेतो. दीड-दोन मीटरवर बीममध्ये रोवलेले आरसीसी खांब आणि वर सलग कोपिंग (काँक्रीटची पट्टी) घ्या.

उत्तर 2
ऑक्सिजनची खोली आजच करा, खर्च किरकोळ आहे. जंबो सिलिंडर 23 सेंमी व्यासाचा, जवळपास 1.45 मीटर उंच. रुंदी भागिले उंची 0.16, म्हणजे गुरुत्वाच्या 0.16 पट आडव्या त्वरणाला तो डुलू लागतो. व्हॉल्व्ह तुटला तर सिलिंडर सुसाट सुटतो. एक साखळी पुरत नाही, खालून तो निसटतो. एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश उंचीवर अशा दोन हव्यात. साखळीचा हुक गिलाव्यात नको. गिलाव्याची जाडी पकडीत धरूच नका. विटेत एक्स्पान्शन फास्टनर वीट फोडतो, म्हणून आरपार बोल्ट आणि मागे प्लेट.

औषधाचं लोखंडी कपाट 78 इंच उंच, 19 इंच खोल: गुणोत्तर 0.24. वरच्या मजल्यावर हे सहज ओलांडलं जातं. वरच्या कडेला दोन एल-क्लिप, दाराला कडी.

जनरेटर स्प्रिंगवर असेल तर तो घसरू नये म्हणून चारी बाजूंनी स्टॉपर (अडवणी) आहेत का बघा.

प्रश्नकर्ता
पार्टिशन वरच्या बीमखाली मसाल्याने घट्ट भरू का? हलणार नाही ना?

उत्तर 1
नको. आयएस 1893 ची मर्यादा एका मजल्याने उंचीच्या 0.004 पट आडवं सरकण्याची आहे, 3.2 मीटरला जवळपास 13 मिमी. घट्ट भिंत एकतर तिरपी तडकते, नाहीतर फ्रेमचा जोर स्वतःवर ओढते. वर 20 मिमी फट ठेवून मऊ फिलर भरा, पण भिंत बाहेर कोसळू नये म्हणून बीमला दोन्ही बाजूंनी अँगल क्लिप लावा. अर्ध्या उंचीची भिंत कॉलमला चिकटली असेल तर त्या कॉलमचा मोकळा भाग आखूड उरतो आणि तो शिअरमध्ये (आडवा कापला जाऊन) तुटतो, तिथेही फट.

उत्तर 3
सीलिंग आणि पाइप विसरू नका. 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात कॅलिफोर्नियातलं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय उभं राहिलं, तरी स्प्रिंकलर आणि थंड पाण्याचे पाइप फुटल्याने रुग्ण हलवावे लागले. ग्रिड सीलिंगला उभ्या तारा असतात, तिरप्या नसतात. दर 3.6 मीटरवर चार तिरप्या तारा आणि ग्रिड वर उचलू न देणारी एक उभी दाबदांडी. दोन लगतच्या भिंतींना ग्रिड पक्की, समोरच्या दोन बाजूंना 20 मिमी मोकळी. दिवे स्वतंत्र तारेने स्लॅबला. जुन्या-नव्या इमारतीच्या सांध्यातून पाइप जात असेल तर तिथे लवचीक तुकडा टाका.

किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 ला हादरा पहाटे 3:56 ला आला. म्हणून तपासणी रात्री, दिवे मालवून, रुग्ण खाटांवर असताना एकदा करा: कोणत्या खाटेच्या डोक्यावर काय आहे आणि जिन्यापर्यंतची वाट कशाने बंद होईल, ते नकाशावर लिहून काढा.