एनसीपीएचा उन्हाळा आणि आमच्या चेटकिणी

तिसरी_घंटा:
काल एका मित्राने पोस्ट टाकली (नाव घेत नाही, तो वाचतोच आहे) की मुंबईत मे महिन्यात मुलांना दाखवण्यासारखं काही असेल तर ते फक्त नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात, बाकी मराठी नाट्यगृहांत चेटकिणी, राक्षस आणि कर्कश्श स्पीकर. खाली टाळ्या, बदाम, 'अगदी खरं'. तिथे कमेंटमध्ये मावणार नाही एवढं डोक्यात आलंय म्हणून इथे लिहितेय.

पहिलं म्हणजे चेटकिणीला नावं ठेवताना जरा दमानं. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमी शिकून आल्या आणि १९५९ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने लिटल थिएटर ही बालनाट्यसंस्था सुरू केली. मुलांचं नाटकसुद्धा मोठ्यांच्या नाटकासारखं नीट सेट, नीट लाइट, नीट तालमी करून व्हायला पाहिजे हा हट्ट त्या बाईंचा. पहिलं नाटक लिहिलं रत्नाकर मतकरींनी, मग त्यांनी स्वतःची संस्था काढली. एनसीपीएची स्थापना १९६९ ची, तिथलं टाटा थिएटर उघडलं १९८० मध्ये. तोवर गिरगाव-दादरची एक अख्खी पिढी चेटकिणीला घाबरून मोठी झाली होती.

दुसरं, एनसीपीएची जागा समुद्र बुजवून काढलेली आणि राज्य सरकारने दिलेली. मग त्यांच्या समर फिएस्टाचं, म्हणजे मुलांच्या उन्हाळी कार्यक्रमांचं, पत्रक उघडल्यावर बहुतेक मामला इंग्रजीत का? माझं म्हणणं एवढंच, मे महिन्यातला एक अख्खा आठवडा टाटा थिएटर मराठी बालनाट्याला द्या, पालिकेच्या नाट्यगृहाच्या भाड्यात. उपकार नको, हक्क म्हणून.

समुद्रकाठचा:
मीच तो मित्र. नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं, निदान टॅग तरी करायचंस.

ताई, इतिहास मलाही माहितीये. विजयाबाई मेहता कितीतरी वर्षं एनसीपीएच्या कार्यकारी संचालक होत्या, त्या काय इंग्लंडहून आल्या होत्या का? प्रतिबिंब हा मराठी नाट्यमहोत्सव तिथेच होतो. बागांमध्ये फुकट कार्यक्रम करतात ते लोक. पण पत्रक इंग्रजीत दिसलं की आपल्या पोटात गोळा.

मुद्दा दर्जाचा आहे. टाटा थिएटर फिलिप जॉन्सनने बांधलं, ध्वनीचं काम सिरिल हॅरिसचं. रंगमंचावर साध्या आवाजात बोललेलं मागच्या रांगेत ऐकू जावं म्हणून केलेलं डिझाइन आहे ते. आणि तू तिथे काय आणणार? रेकॉर्डेड ट्रॅकवर ओठ हलवणारा अस्वल आणि 'बालमित्रांनो आवाज येत नाहीये, अजून मोठ्याने!' पोरं बिचारी घसा फाटेस्तोवर ओरडतात, आईबाप मोबाइलवर, झालं बालनाट्य.

आणि गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात गाजलेलं बालनाट्य कुठलं तर 'अलबत्या गलबत्या', २०१८ मध्ये परत आलेलं, मूळ मतकरींचं, अर्धशतक जुनं. नवीन कुठंय? सांग ना.

विंगेतला:
दोघांचंही वाचलं. मी लाइट करतो, ट्रकबरोबर फिरतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो, नंतर तुमचं चालू द्या.

त्या पुनरुज्जीवनाने एका दिवसात पाच-पाच, सहा-सहा प्रयोग लावून हाऊसफुल्ल घेतलेत. सकाळपासून रात्रीपर्यंत तोच सेट उभा. ज्याने हे केलंय त्यालाच माहीत की शेवटच्या प्रयोगाला चेटकिणीच्या मेकअपखाली काय होतं. तर 'ओठ हलवणारा अस्वल' वगैरे सरसकट बोलू नका, चांगल्या मंडळींना लागतं.

पण ट्रॅकचं खरं आहे. नऊ मुलांची गाणी लाइव्ह करायची तर नऊ माईक, एक साउंडवाला जास्त, आणि तिकीट पाचशेच्या वर नेता येत नाही कारण पाचशेपर्यंत जीएसटी नाही, वर गेलं की सुरू. बालनाट्याला तर पाचशेसुद्धा कोण देतो, घरटी चार तिकिटं लागतात. शनिवार-रविवार दुपारच्या तारखा मोठ्या नाटकांकडे, बालनाट्याला आडवारी सकाळ. मग निर्माता ट्रॅक वाजवतो नाहीतर काय करणार.

टाटा थिएटरचं भाडं पालिकेच्या दरात मिळालं तरी सेटचा ट्रक नरिमन पॉइंटला न्यायचा खर्च कोण देणार, हे ताईंनी लिहिलं नाही.

अनघा_मावशी:
मला या वादात पडायचं नव्हतं पण दर्जा दर्जा ऐकून राहवेना. मागच्या मे महिन्यात नातवाला घेऊन नाटकाला गेले, नाट्यगृहाचं नाव सांगत नाही, उगाच बदनामी नको. रविवार, मेगाब्लॉक, सगळ्या गाड्या जलद मार्गावर वळवलेल्या, आम्ही बदलापूरहून. पोहोचलो तेव्हा पडदा उघडून फार तर दहा मिनिटं झाली असतील. दारावरचा मुलगा म्हणतो आता मध्यंतरानंतर. सहा वर्षांचं पोर, घामाने निथळलेलं, आतून टाळ्यांचे आवाज येतायत आणि हा बाहेर बाकावर. रडला नाही हो, त्याचंच जास्त वाईट वाटलं. दर्जा म्हणजे हाच असेल तर तो तुमच्याकडेच ठेवा.

कल्याण_स्लो:
मावशी +१००. हे दार बंद करण्याचं फॅड कुठून आलं ते सगळ्यांना माहितीये. ज्यांचं घर थिएटरपासून चालत आहे त्यांनी केलेले नियम आहेत हे. मध्य रेल्वेला दर रविवारी ब्लॉक, मे महिन्यात तर पावसाळ्याआधीची कामं म्हणून जास्तच, आणि नाटकं कधी? रविवारीच!

पुणेरी_पाटी:
ब्लॉकचं वेळापत्रक आदल्या दिवशी जाहीर होतं. एक गाडी आधी निघायचं. आमच्याकडे बालगंधर्वला लोक उशिरा येत नाहीत असं म्हणत नाही, पण आल्यावर रेल्वेला दोष देत नाहीत, कारण मुंबईसारख्या लोकलच नाहीत.

कल्याण_स्लो:
पुण्याने मुंबईच्या लोकलवर बोलू नये ही नम्र विनंती. एक गाडी आधी म्हणजे काय असतं ते रविवारी ठाण्याच्या पुलावर पोराला खांद्यावर घेऊन उभं राहिल्यावर कळतं.

समुद्रकाठचा:
मावशी, नातवाबद्दल खरंच वाईट वाटलं. पण विचार करा, आत जी चारशे-पाचशे मुलं वेळेवर आली होती त्यांचं काय? काळोखात दार उघडतं, बाहेरचा उजेड आत, मोबाइलचा टॉर्च, 'एफ बारा कुठे हो', अख्खी रांग उभी. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये दोनशे खुर्च्या आहेत, तिथे उशिरा आलात तर प्रवेश नाही, आणि म्हणून तिथे नाटक ऐकू येतं. नियम सगळ्यांना सारखा.

तिसरी_घंटा:
बाकी याच्याशी माझं एका शब्दावर पटत नाही पण दाराचं बरोबर बोलतोय. मी लहानपणापासून विंगेत वाढलेय, पहिल्या दहा मिनिटांत मुलांना जग पटतं, तिथेच टॉर्च मारला की संपलं.

कल्याण_स्लो:
वा! म्हणजे ज्या बाईने मराठी पोरांच्या हक्कासाठी धागा काढला तीच आता बदलापूरच्या पोराला बाहेर बसवायच्या बाजूने. तुमचं बरंय हो, प्रोफाइलवर मुलुंड लिहिलंय, कालिदास नाट्यगृह घराशेजारी. हक्काची भाषा बोलायची आणि हक्क द्यायची वेळ आली की तिसरी घंटा दाखवायची. आयडीच तसा घेतलाय म्हणा.

तिसरी_घंटा:
आयडीवर जाऊ नका. मुद्द्यावर बोला.

कल्याण_स्लो:
मुद्दाच बोलतोय! तुम्हाला टाटा थिएटर पाहिजे मराठी पोरांसाठी. मराठी पोरं राहतात कुठे? गिरगाव रिकामं झालं, परळ-लालबागचे टॉवर झाले, परळचं दामोदर नाट्यगृह २०२३ पासून बंद. आम्ही सगळे डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेल. तिथून सीएसएमटी नाहीतर चर्चगेट, पुढे टॅक्सी नाहीतर ऊन, आणि त्या सगळ्यानंतर दार बंद. जमीन सरकारची म्हणून नाटक तिथेच करायचं हा काय अट्टहास? आमच्या डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात आठवडा लावा की.

समुद्रकाठचा:
आता भुयारी मेट्रो आहे विधान भवनपर्यंत, ऑक्टोबर २०२५ पासून. टॅक्सीची रड संपली.

कल्याण_स्लो:
भुयारी मेट्रो आरे ते कफ परेड. बदलापूर त्या नकाशात दिसलं तर स्क्रीनशॉट टाका.

विंगेतला:
दाराबद्दल आमच्या बाजूने. बरेच दिग्दर्शक बालनाट्यात पात्रं प्रेक्षकांतून आणतात, राक्षस मागच्या दाराने येतो. तेवढ्यात एखादं कुटुंब वडापावच्या पिशव्या घेऊन त्याच दाराने आत येतं, राक्षसाला म्हणतात जरा बाजूला. हसू नका, झालंय हे. राक्षस बाजूला झाला पण.

तरी मावशींच्या बाबतीत मार्ग होता. पहिला प्रवेश संपून ब्लॅकआउट होतो तेव्हा मागच्या रांगेत बसवता येतं. दारावर त्यासाठी शहाणा माणूस लागतो. नियम लावणं स्वस्त पडतं, माणूस ठेवायला पगार लागतो.

अनघा_मावशी:
तेवढंच म्हणत होते मी. आणि मला कुणी सांगितलं का की पुढच्या वेळी तिकीट बदलून देतो? नाही. एक ग्लास पाणी विचारलं नाही.

न्यूजर्सीचा_नंदू:
इथलं सांगतो. न्यूयॉर्कला लिंकन सेंटर २०२२ पासून उन्हाळ्यात चौकातच डान्स फ्लोअर टाकतं, वर भलामोठा डिस्कोचा गोळा, बरेचसे कार्यक्रम फुकट, बाकीच्यांना जमेल तेवढे पैसे द्या. उशिरा या, लवकर जा, कोणी अडवत नाही. उघड्यावर असल्याने दारच नाही!

पुणेरी_पाटी:
आला. नंदू, मे महिन्यात दुपारी नरिमन पॉइंटच्या चौकात नाचून दाखव, मी तिकीट काढून येतो.

समुद्रकाठचा:
आणि नंदू अर्धंच सांगतोय. त्याच उन्हाळी सीझनसाठी तिथला जुना मोझार्ट महोत्सव बंद केला, ऑर्केस्ट्राचं नावसुद्धा बदललं. शास्त्रीयवाले जाम चिडले होते की गर्दी जमवायच्या नादात ऐकायची जागा घालवलीत. हाच वाद आहे. सगळ्यांसाठी उघडं करायचं म्हणजे काहीतरी बारीक ऐकण्याचं जातं, हे मान्य करायची कुणाची तयारी नसते.

न्यूजर्सीचा_नंदू:
जातं, मान्य. पण आम्ही दोन पोरं घेऊन गेलो तेव्हा मोठा मुलगा पहिल्यांदा बासरीवाल्यासमोर तासभर बसला. तिकीट असतं तर मी नेलंच नसतं, हे खरं सांगतो. चिडणाऱ्यांकडे पास होते.

तिसरी_घंटा:
धागा दारात अडकलाय तो जरा बाहेर काढू का? मी पत्रक काय छापलंय त्यापेक्षा वेगळंच विचारत होते. मुलांचं पहिलं नाटक कुठल्या भाषेत होणार? समर कॅम्पला पाठवलं की आठवड्याच्या शेवटी त्याला झाड करून उभं करतात, पालक व्हिडिओ काढतात, आणि ते पोर आयुष्यात प्रेक्षक म्हणून कधी बसतच नाही. शिबिरांची फी भरणारे लोक तिकीट काढायला मात्र कुरकुरतात. मतकरींनी शेवटच्या वर्षांत ठाण्यात वंचितांचा रंगमंच केला तो वस्तीतल्या मुलांनी स्वतःचं सांगावं म्हणून, व्हिडिओसाठी नाही.

अनघा_मावशी:
झाडाचं अगदी खरं. आमच्या सुनेने फी भरली, नातू ढग झाला होता. एकच वाक्य, तेही सगळ्या ढगांनी मिळून.

समुद्रकाठचा:
बरं. शिबिरांबद्दल मान्य, तिथे सगळीकडेच बोंब आहे, इंग्रजी असो की मराठी. आणि आठवड्याची कल्पना वाईट नाही, चांगली नाटकं निवडून आणणार असाल तर. निवडून. 'मराठी आहे म्हणून' एवढ्यावर नाही. निवड समितीवर कोण बसणार हे आधी ठरवा, म्हणजे पुढच्या धाग्याची सोय होईल.

तिसरी_घंटा:
तू बसू नकोस एवढं चालेल. नवीन संहिता कमी आहेत हे मलाही दिसतं, आंधळी नाहीये. पण आडवारी सकाळची तारीख मिळणार असेल तर नवीन कोण लिहील? आधी रविवार द्या, मग वर्षभराने दर्जा विचारा.

विंगेतला:
रविवार कोणी देत नसतं, घ्यावा लागतो. तारखांचं वाटप महिने-महिने आधी होतं आणि बालनाट्यवाले परीक्षा संपल्यावर जागे होतात. मे उजाडल्यावर भांडण्यापेक्षा दिवाळीच्या सुमाराला अर्ज टाका. प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर नूतनीकरण होऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडलं, लहान थिएटर पण आहे तिथे, मेट्रोचं सिद्धिविनायक स्टेशन दारात. नरिमन पॉइंटपेक्षा तिथे आठवडा लावणं सोपं. कोणी खरंच करणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा, लाइटचे मी कमी घेईन. फुकट नाही.

कल्याण_स्लो:
प्रभादेवी बरं पडेल, पण परळच्या बाजूने येणारा पूल पाडलाय, वळसा आहे. म्हणजे उशीर होणार. म्हणजे दार?

पुणेरी_पाटी:
एक गाडी आधी.

कल्याण_स्लो:
तुम्ही गप्प बसा हो.