हेल्थ सेंटरवरचा रिसर्च वाचून ते सेंटर कसं आहे हे कळायला नको का?

सत्तरीकार
परवा आईला शुगरच्या गोळ्यांसाठी हेल्थ सेंटरवर नेलं होतं. नंबर ४७. बाकड्यावर बसलोय तोच दोन मुली फॉर्म घेऊन आल्या आणि गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप कशी, भूक कशी असं एकेक विचारायला लागल्या. घरात आमची कोकणी, आई मला विचारतेय उदास म्हणजे किते रे, आणि कान सगळा आतून नंबर पुकारतात तिकडे. सगळ्याला ना ना ना म्हणून मोकळी झाली. बाबा जाऊन चार महिने झालेत, रात्री तीनला उठून बसते ती, फॉर्मवर मात्र ठणठणीत!

उद्या हे छापून येईल तेव्हा काय असेल, तर ‘प्रशिक्षित मुलाखतकारांनी प्रमाणित प्रश्नावली भरून घेतली’. बाकडं नाही, नंबर नाही, भाषा नाही. २०२३ मध्ये क्रिस्प नावाची २४ मुद्द्यांची चेकलिस्ट आलीय, खास प्राथमिक आरोग्यसेवेतल्या संशोधनासाठी. सेंटर कसलं, टीममध्ये कोण, पेशंटला एकाच वेळी किती दुखणी, डॉक्टर नि पेशंटची ओळख किती जुनी, असलं सगळं लिहा म्हणते. माझं मत, आपल्याकडे ही सक्तीची करा.

केसपेपर
सक्ती म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मी सेंटरवरच असतो, मेडिकल ऑफिसर. असल्या चेकलिस्टी आधीच आहेत, उपचारांच्या ट्रायलला कन्सॉर्ट आहे, निरीक्षणाच्या अभ्यासांना स्ट्रोब आहे त्याचे २२ मुद्दे, आता वर आणखी २४. पीजीची, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिकणारी, पोरं काय करतात ठाऊक आहे? सबमिशनच्या आदल्या रात्री चेकलिस्टसमोर पान नंबर टाकत बसतात. मी पण टाकलेत, खोटं कशाला बोलू. तुमच्या आईचा घोटाळा लिहिण्यात नाही, विचारण्यात आहे. वाईट मुलाखत चांगली लिहून काय साधणार?

मांडवीपलीकडे
डॉक्टरबाब, वाईट मुलाखत वाईट होती हे वाचणाऱ्याला कळेल, हे काय कमी झालं?

आणि गोव्यातलंच उदाहरण घ्या की. मानस ट्रायल, २०१० ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. डिप्रेशन नि अँग्झायटीच्या पेशंटना डॉक्टर नसलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांनी मदत करायची, अशी कल्पना. १२ सरकारी हेल्थ सेंटरं आणि १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने. सरकारीत चांगला फरक पडला, खाजगीत पडलाच नाही. आता हे दोन्ही एकत्र करून नुसतं ‘गोव्यातील प्राथमिक केंद्रे’ लिहिलं असतं तर? मला विचाराल तर खाजगी डॉक्टर घरच्यासारखा, आजोबांपासून ओळखतो, निवांत बोलतो, तिथे समुपदेशक येऊन वेगळं काय करणार. पण असा अंदाज तरी बांधता येतो कधी, दवाखाना कसला ते लिहिलं असेल तरच ना!

केसपेपर
तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. मानस २०१० ची, क्रिस्प २०२३ ची. ज्यांना लिहायचं असतं ते चेकलिस्टशिवाय लिहितात. ज्यांना नसतं ते २४ काय ४८ ठिकाणी पान नंबर टाकतील.

उपकेंद्रवाली
मी एएनएम, उपकेंद्रावरची नर्स. पेपरात आमचं नाव ‘आरोग्य कर्मचारी’, त्यात मी पण आले, फार्मासिस्ट पण आला, झाडूवाला पण आला असेल. 😀 ब्लडप्रेशर कोणी मोजलं, डॉक्टरनी की मी, बसवून की उभ्या उभ्या, काही नाही. दुसरं, आमचा पेशंट शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जातो तेव्हा तिथल्या डॉक्टरला दाखवतो, आमच्याकडे फक्त गोळ्यांना येतो. गणपतीच्या चवथीच्या आठवड्यात तर ओपीडी रिकामी. आणि पेपरात येतं की ‘फॉलोअपला आला नाही’. अरे तो बाजारात होता! रजिस्टरवाल्या बाईला कोणी विचारलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं.

केसपेपर
सिस्टर, हे मात्र पटलं. माझ्या थिसिसमधले असले किती ‘गळालेले’ पेशंट बाजारात होते देव जाणे. पण मग सक्ती करायचीच तर ह्या एका गोष्टीची करा, सेंटरवरच्या माणसांना दाखवल्याशिवाय पेपर पाठवायचा नाही. २४ मुद्दे नकोत.

मांडवीपलीकडे
क्रिस्प म्हणते तेही साधारण हेच आहे हो, पेशंट आणि सेंटरवरची माणसं संशोधनात कुठे होती ते सांगा. तुम्ही चेकलिस्ट न वाचताच चिडलाय.

केसपेपर
वाचलीय. ओपीडी संपल्यावर, उभ्या उभ्या.

सत्तरीकार
बरं, सक्तीचं राहू दे तूर्तास. पण ज्या बाकड्यावर विचारलं त्याच बाकड्यावर येऊन निकाल तरी सांगा, एक कागद भिंतीला लावा.

मांडवीपलीकडे
मराठीत लावायचा की कोकणीत? आणि कोकणी देवनागरीत की रोमी (रोमन) लिपीत? झालं, पाच वर्षं गेली.

सत्तरीकार
तोंडी सांगा हो. आई वाचत नाही.