जत तालुक्यात फिरत्या डिजिटल वर्गाची बस : वस्त्या किती घ्याव्यात आणि इंटरनेट कसे पुरवावे?

प्रश्न – पूर्व_जत

नमस्कार. जत तालुक्याच्या पूर्व भागात आम्ही काही मित्र मिळून गेली चार वर्षे मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. एका दात्याने आम्हाला जुनी मिनीबस देऊ केली आहे. तिच्यात बारा लॅपटॉप, एक मोठा पडदा आणि इंटरनेटची सोय करून वाड्यावस्त्यांवर फिरता डिजिटल वर्ग सुरू करावा, असे मनात आहे. उमदी, संख, माडग्याळ या टापूत बरीच कुटुंबे गावठाणात न राहता आपापल्या मळ्यात राहतात. भारतनेट या सरकारी योजनेची इंटरनेट केबल ज्या ग्रामपंचायतीत पोचली आहे तिथेसुद्धा ती कार्यालयाच्या भिंतीपाशीच थांबते, आणि वस्तीवरच्या घरात जो एकुलता एक स्मार्टफोन असतो तो दिवसभर वडिलांच्या खिशात, द्राक्षबागेत नाहीतर बाजारात असतो. मुलीच्या हाती तो रात्री नऊनंतर येतो, तेव्हा चार्जिंग संपत आलेले असते.

कॅलिफोर्नियातील कोचेला व्हॅली भागात शाळेच्या बसगाड्यांवर सौरऊर्जेवर चालणारे वायफाय राउटर बसवले होते आणि रात्री त्या गाड्या गरीब वस्त्यांजवळ उभ्या केल्या जात, हे वाचल्यापासून आमच्यातील काहींचा आग्रह आहे की जास्तीत जास्त ठिकाणी गाडी न्यावी. त्यांनी चाळीस वस्त्यांची यादीही केली आहे. मला ती संख्या झेपणारी वाटत नाही, पण माझ्याकडे अनुभव नाही. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – कोयनाकाठ

आम्ही सातारा जिल्ह्यातील जावळी आणि पाटण तालुक्यांत दोन वर्षे अशी गाडी चालवली. त्यातले पहिले वर्ष आमच्याकडून वाया गेले, हे आधीच सांगतो, कारण आपण ज्या यादीबद्दल लिहिले आहे तीच चूक आम्ही केली होती. आम्ही छत्तीस ठिकाणे घेतली. प्रत्येक ठिकाणी गाडी पाच-सहा आठवड्यांनी पोचायची, स्वागत जोरात व्हायचे, फोटो निघायचे आणि मुले पुन्हा माउस धरण्यापासून सुरुवात करायची. दुसऱ्या वर्षी आम्ही नऊच ठिकाणे ठेवली आणि प्रत्येकाला आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवून दिली. मंगळवारी साडेचार म्हणजे साडेचार, मग गाडीत मुले दोन असोत की वीस.

या बदलाने काय झाले ते एका मुलीवरून सांगतो. सातवीतली ही मुलगी इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘कृष्णा’ हा शब्द टाइप करत होती. ‘ष’चा पाय मोडण्याची कळ इंग्रजी ‘डी’च्या बटणावर असते, ती तिला सापडेना. तर्जनीने एकेक बटण दाबून पाहत तिने वीस मिनिटे घालवली, पण उठली नाही. पुढच्या मंगळवारी ती आली तेव्हा वहीच्या मागच्या पानावर अख्खा कळफलक पेन्सिलीने काढून आणला होता, आणि शेजारच्या मुलाला ती स्वतःच पाय मोडायला शिकवत होती. आमच्या पहिल्या वर्षीच्या वेळापत्रकात या मुलीला ती कळ पुन्हा दिसायला दीड महिना लागला असता.

कोचेला व्हॅलीचे उदाहरण मलाही आवडते, परंतु तिथल्या शाळांनी मुलांना आधीच आयपॅड दिलेले होते आणि कमी होती ती घरी इंटरनेटची. म्हणून रात्रभर उभी असलेली बस तिथे पुरेशी ठरू शकत होती. आपल्याकडे उपकरण बसमध्येच असणार आहे. बस निघाली की उपकरणही जाते आणि इंटरनेटही जाते. यावर आम्ही काढलेला मार्ग असा : शाळेत एक छोटा रास्पबेरी पाय संगणक कायमचा ठेवला, त्यावर कोलिब्री आणि किविक्स ही मोफत प्रणाली घातली, आणि तिच्यातून मराठी विकिपीडिया, गणित-विज्ञानाचे व्हिडिओ, पाठ्यपुस्तके हे सारे इंटरनेट नसतानाही शाळेच्या आवारातल्या कोणत्याही फोनवर उघडू लागले. बस दर आठवड्याला येऊन त्यात नवे साहित्य भरते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या काळात पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या जात आणि ठरावीक काळ गावातच राहत. आपला हा संगणक म्हणजे तीच पेटी आहे.

आणखी एक गोष्ट, कारण ती आपल्याही वाट्याला येईल. बस उभी राहिली की मुलांच्या आधी मोठी माणसे येतात : सातबारा काढून द्या, ई-पीक पाहणी करून द्या, महाडीबीटी या सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर अर्ज भरा. बामणोलीच्या धक्क्यावर आमची गाडी लागायची, तिथे एक आजी शिवसागर या कोयना धरणाच्या जलाशयाच्या पलीकडून लाँचने पेन्शनच्या कामाला आल्या. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे अंगठा यंत्रावर उठेना. मग ओटीपी मागवला, तर तो मुंबईला माथाडीचे काम करणाऱ्या मुलाच्या फोनवर गेला आणि मुलगा कामावर असल्याने फोन उचलेना. आजी लाँचच्या वेळेपर्यंत थांबल्या आणि तशाच परतल्या. पुढच्या आठवड्यासाठी आम्ही मुलाशी आदल्या रात्री बोलून वेळ ठरवली आणि काम दहा मिनिटांत झाले. आठवड्याने पुन्हा येण्याची खात्री होती, म्हणूनच ते जमले. अशा कामांना शेवटचा अर्धा तास वेगळा ठेवा, मुलांचा वेळ त्यात जाऊ देऊ नका, आणि दुसऱ्याचे आधार किंवा बँक खाते उघडल्यावर ब्राउझरमधून त्याची नोंद पुसल्याशिवाय पुढच्या माणसाला लॅपटॉप देऊ नका.

उत्तर – विटा_विद्युत

वेळापत्रकाबद्दल वर आले आहे, म्हणून मी फक्त वीज आणि रेंजबद्दल लिहितो.

लॅपटॉप चालू असताना साधारण ३० ते ४० वॅट घेतो. बारा लॅपटॉप, पडदा आणि राउटर मिळून साडेपाचशे वॅट धरा, म्हणजे तीन तासांच्या वर्गाला १.६५ युनिट लागतील आणि इन्व्हर्टरची घट धरून जवळपास दोन. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, पण ती टिकवायची असेल तर निम्म्याहून अधिक उपसू नये. त्यामुळे अशा दोन बॅटऱ्याही अपुऱ्या पडतात आणि वजन वाढते ते वेगळेच. २४ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर एकीत भागते. टपावर एक किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले तर जतच्या उन्हात दिवसाला चार युनिट सहज मिळावेत, मात्र तिकडची धूळ पाहता पॅनेल रोज पुसावे लागेल. कोणत्याही परिस्थितीत इन्व्हर्टर गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीला जोडू नका. मी जोडणी केलेल्या पहिल्या गाडीत हीच चूक झाली होती आणि संध्याकाळी ती गाडी वीस माणसांनी ढकलून चालू करावी लागली.

रेंजसाठी दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घेणारा राउटर घ्या आणि अँटेना टपाच्या वर काढा, कारण बसचा पत्राच सिग्नल अडवतो. जागा ठरवण्याआधी प्रत्येक वस्तीवर फोन घेऊन चालत फिरा. ओढ्याकाठच्या देवळापाशी जिथे काहीच उघडत नाही, तिथून दोनशे पावलांवरच्या माळावर बऱ्याचदा व्यवस्थित चालते. बारा मुलांनी तासभर साध्या दर्जाचे व्हिडिओ पाहिले तरी सुमारे ५ जीबी डेटा जातो, म्हणून व्हिडिओ आधीच उतरवून ठेवावेत हे कोयनाकाठ यांचे म्हणणे खर्चाच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

बसमध्ये आसने काढून टेबले बसवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनातील बदल ठरतो. सांगलीच्या आरटीओकडून आधी मंजुरी घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

उत्तर – सीमेवरची_शिक्षिका

मी जत तालुक्यातच शिकवते. आपल्या योजनेत तीन गोष्टींचा उल्लेख नाही, म्हणून लिहिते.

आपण ज्या गावांची नावे घेतली आहेत, तिथे अनेक घरांत कन्नड बोलली जाते आणि तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. बालभारतीची कन्नड माध्यमाची पुस्तके निघतात आणि दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरही कन्नड साहित्य आहे. ते गाडीत पहिल्या दिवसापासून असू द्या, नाहीतर निम्मी मुले पडद्याकडे नुसती पाहत बसतील.

बारापैकी सहा जागा मुलींसाठी राखून ठेवाव्यात. मुलगी पाणी भरून, शेळ्या बांधून येते तोवर मुलांनी सगळ्या जागा धरलेल्या असतात आणि ती दारातूनच परत जाते, हे मी शाळेच्या संगणक खोलीत वर्षानुवर्षे पाहिले आहे. अंधार पडल्यावर तिला घरून सोडणार नाहीत, तेव्हा वर्ग उजेडात संपवावा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जवळची आहे. दिवाळीनंतर आमच्या वर्गातली काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि थेट मार्चच्या सुमारास परततात. हंगामी वसतिगृहामुळे काही मुले गावी थांबतात, पण सगळी नाही. कोलिब्रीत प्रत्येक मुलाची नोंद राहते, म्हणून आठवड्यातला एक दिवस ही बस वाळवा-पलूसकडच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर) नेली, तर गावात जिथे धडा थांबला तिथूनच तो त्याच मुलासमोर पुन्हा उघडता येईल.

पूर्व_जत

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बैठकीत हे सारे वाचून दाखवले आणि चाळीसची यादी आठवर आली. पाच दिवस पाच वस्त्या, दोन जागा शाळांच्या आवारात, आणि नोव्हेंबरपासून एक दिवस कोप्यांसाठी. मॅडम, आपल्या शाळेतील कोणती मुले यंदा कोणत्या गावाच्या फडावर जाणार आहेत, याचा अंदाज दिवाळीच्या सुट्टीआधी मिळू शकेल का? त्यावरून तो दिवस आणि तो रस्ता आम्ही ठरवू. येत्या रविवारी दोन फोन घेऊन वस्त्या आणि शाळा मिळून सातही ठिकाणी चालत फिरणार आहोत. कुठे किती रेंज मिळाली ते इथेच लिहीन.