मदत हवी आहे: बूस्ट चालू करताच स्केलिंग_मॅक्स_फ्रेकची मर्यादा पुसली जाते, लिनक्स कर्नल ५.१०

नमस्कार मंडळी,

गोव्यात वेर्ण्याला आमचं छोटं युनिट आहे. मालिमच्या जेटीवर उतरणाऱ्या क्रेटमधले बांगडे-तारले कॅमेऱ्यावरून ओळखून मोजणारी पेटी आम्ही बनवतो. आत एआरएम बोर्ड, चार मोठे कोअर, चार लहान. चिपसोबत आलेला सीपीयूफ्रेक (कोअरचा वेग बदलणारा) ड्रायव्हर मी सांभाळते. खाऱ्या हवेमुळे पेटी पूर्ण बंद असते, पंखा बसवता येत नाही.

क्रेट समोर आला की काही सेकंदच जोर लागतो, म्हणून बूस्ट (थोडा वेळ नेहमीच्या कमालपेक्षा जास्त वेग) हवाच. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन) मोठ्या कोअरच्या सर्वांत वरच्या ओपीपीला (वेग-व्होल्टेजची जोडी) टर्बो-मोड लावला आहे. बूस्ट बंद असताना टेबलातली ती ओळ वगळली जाते. इथवर ठीक.

दुपारी पेटी तापली की आमची एक सर्व्हिस स्केलिंग_मॅक्स_फ्रेक, म्हणजे वेगाची कमाल मर्यादा, खाली आणते. मग कॅमेऱ्याची सर्व्हिस बूस्टच्या फाइलमध्ये १ लिहिते आणि ती मर्यादा जाते. कोडमध्ये कारण दिसतं: सीपीयूफ्रेक_बूस्ट_सेट_एसडब्ल्यू टेबल पुन्हा वाचून पॉलिसीची (एकत्र वेग बदलणाऱ्या कोअरचा गट) कमाल मर्यादा ठरवतं आणि तीच मॅक्स_फ्रेक_रिक्वेस्टमध्ये लिहितं. यूजरने घातलेली मर्यादाही त्याच रिक्वेस्टमध्ये असते. वर बूस्टची फाइल सगळ्या पॉलिसींना एकच, त्यामुळे ज्या लहान कोअरना बूस्टची ओळच नाही त्यांचीही मर्यादा उडते. प्रत्येक पॉलिसीची वेगळी बूस्ट फाइल नव्या कर्नलमध्ये आहे, पण या चिपसाठी आम्हाला ५.१० सोडता येत नाही.

माझा विचार असा: बूस्ट कायम चालू ठेवायचा आणि ड्रायव्हरनेच मोठ्या कोअरच्या पॉलिसीवर स्वतःची वेगळी फ्रेक_क्यूओएस कमाल रिक्वेस्ट (वेगाच्या मर्यादेची मागणी) ठेवायची. सगळ्या रिक्वेस्टमधली सर्वांत कमी तीच लागू होते, म्हणजे तापमानाची मर्यादा शाबूत राहील. क्रेट आला की ड्रायव्हर आपली रिक्वेस्ट थोडा वेळ वर नेईल आणि डिलेड वर्क (ठरावीक वेळाने चालणारं कर्नलचं काम) ती परत खाली आणेल. साधा टायमर चालणार नाही, कारण रिक्वेस्ट बदलताना ब्लॉकिंग नोटिफायर (बदल कळवणारे, झोपू शकणारे कॉलबॅक) चालतात आणि टायमरमध्ये झोपता येत नाही. वेळेचं बंधन ड्रायव्हरमध्येच असावं असं मला ठामपणे वाटतं. टर्बो ओपीपी मुळात थोड्या वेळासाठीच असतो. वरची सर्व्हिस मध्येच कोसळली तर चिप तिथेच अडकून राहता कामा नये.

आता प्रश्न. ही रिक्वेस्ट ड्रायव्हरच्या इनिट कॉलबॅकमध्ये (पॉलिसी तयार होताना चालणाऱ्या) जोडणं योग्य की पॉलिसी तयार झाल्याचा नोटिफायर ऐकून? आणि काढताना एक्झिटमध्ये आधी कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक, मग रिक्वेस्ट काढणं पुरेसं आहे का? मोठ्या गटातले सगळे कोअर ऑफलाइन जाऊन परत आले तर काय होतं, हे कोणी प्रत्यक्ष चालवून पाहिलंय का? शिवाय कूलिंग डिव्हाइस (तापल्यावर वेग पायरीपायरीने उतरवणारा कर्नलचा भाग) पायऱ्या मोजताना बूस्टची ओळही धरतं. माझी रिक्वेस्ट खाली असेल तेव्हा त्याची पहिली पायरी वायाच जाणार. त्यावर कोणी काही उपाय केला आहे का?

मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, १ ऑगस्टपासून ट्रॉलर बाहेर पडतील. त्याआधी पेटी जेटीवर लावायची आहे. डीमेसेज (कर्नलचा लॉग) आणि ओपीपीचं टेबल लागलं तर लगेच देते.