प्रतिसाद: भाड्याचं स्कुबा साहित्य आणि स्वच्छता

भाड्याचं स्कुबा साहित्य वापरताना स्वतःचा सिलिकॉनचा माऊथपीस (दातांत धरायचा तुकडा) नेला की स्वच्छतेचा प्रश्न मिटला, असं या चर्चेत आधी कुणीतरी म्हटलंय. माऊथपीस जरूर न्या, एका झिपटायवर बसतो तो. पण श्वास तिथे थांबत नाही. सोडलेला श्वास, थुंकी, कधी उलटीसुद्धा रेग्युलेटरच्या सेकंड स्टेजमधून (सिलिंडरची हवा देणाऱ्या उपकरणाचा तोंडाजवळचा भाग) जाते आणि आतला डायफ्राम (लवचिक पडदा), उच्छ्वासाची झडप तशीच ओली राहते. त्यामुळे जंतुनाशक संपूर्ण सेकंड स्टेजला लागायला हवं, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ होईपर्यंत तिथे राहायला हवं. नुसता फवारा मारून लगेच पुसणं मला अजिबात पटत नाही. खाऱ्या पाण्यानं जंतू मरतात हेही खरं नाही. शिवाय साहित्य धुण्याच्या एकाच टाकीत बूट, वेटसूट, लोकांनी थुंकी चोळलेले मास्क आणि रेग्युलेटर बुचकळले, तर एकाची घाण दुसऱ्याच्या तोंडात जायची सोयच होते. तोंडात जाणाऱ्या वस्तूंना टाकी वेगळीच हवी.

इथे कुणी बीसीडीबद्दल, म्हणजे पाण्यात तरंगणं सांभाळायला अंगात घालतात त्या हवेच्या पिशवीच्या जॅकेटबद्दल, बोललं नाही. अनेक जण तोंडानं फुंकून ती फुगवतात, पाणीही आत शिरतं, आणि त्या अंधाऱ्या ओल्या पिशवीत बुरशी, जिवाणू वाढू शकतात. फुंकायच्या नळीचं तोंड आधी निर्जंतुक करून घ्या, आणि पिशवीतली हवा कधीही श्वासावाटे आत ओढू नका. भाड्यानं घेताना "पिशवी आतून कशानं धुता?" असं सरळ विचारा. नीट काम करणारे लगेच दाखवतात.