कळ येईलच असं नाही

हार्ट अटॅकबद्दल "छातीत कळ आली की लगेच दवाखाना गाठा" असं सांगतात ते बरोबरच, पण शुगरवाल्यांना तेवढं पुरत नाही. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की नसा बधिर होतात, पायाच्या तशाच हृदयाच्याही. मग झटका येतो आणि दुखत मात्र नाही. परभणीला आमच्या मामांना ऐन मे महिन्यात दरदरून घाम सुटला, मळमळायला लागलं, ओसरीवरून न्हाणीपर्यंत जाताना धाप लागली. ऊन लागलं म्हणून घरच्यांनी तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजलं. दुसऱ्या दिवशी ईसीजीत कळलं की अटॅक येऊन गेलाय. छातीत दुखलं का, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते आणि मामा नाहीच म्हणत होते. आपल्याकडं पारा 42 च्या वर जातो, त्यामुळं ही गल्लत कुणाच्याही घरात होऊ शकते. अचानक घाम, धाप, जबडा किंवा पाठ दुखणं, एकदम गळून जाणं, यातलं काहीही झालं तर 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत शुगर तपासा, कारण ती उतरल्यावरही घाम येतो.

आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 7 टक्क्यांच्या आत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बीपी 130/80 च्या आत हवा. चाळिशीनंतर मधुमेहात कोलेस्टेरॉलची गोळी बहुतेकांना हृदयविकार नसतानाही देतात. "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून ती परस्पर बंद करणारे आमच्या गल्लीतच कितीतरी आहेत, त्यांना कृपा करून सांगा, आधी डॉक्टरांना विचारा.