मदत हवी आहे: मुलाला एडीएचडी आणि सोबत सततची धास्ती

नमस्कार. माझा मुलगा चौथीत आहे. गेल्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, चंचलपणा जास्त) निदान झालं, आता डॉक्टर म्हणतात की अँग्झायटीही, म्हणजे सततची चिंता, आहे.

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध सुरू झाल्यापासून वर्गात लक्ष लागतं. दुपारची भूक मात्र गेली, डबा जवळपास तसाच परत येतो. भीती काही कमी नाही. रात्री दप्तर पुन्हा पुन्हा उघडून बघतो, "आई, गणिताची वही ठेवलीय ना?" सकाळी बस यायच्या वेळेला पोटात दुखतं. वही विसरते ती एडीएचडीमुळे, मग वर्गात ओरडा बसतो, आणि परत विसरेन या काळजीत उरलंसुरलं लक्षही उडतं. यात आळस कुठे आला? पण घरातली मोठी माणसं 'लाडावलाय' म्हणतात, आणि तो ते ऐकत असतो. जीव तुटतो.

औषधाचं डॉक्टरांशीच बोलणार आहोत. अ‍ॅटोमॉक्सेटिनचा पर्याय त्यांनी सांगितलाय, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

मला विचारायचंय ते असं: नाशिकमध्ये किंवा ऑनलाइन, लहान मुलांसाठी मराठीतून सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी थेरपी) घेणारं कुणी चांगलं माहीत आहे का? तो इंग्रजीत मनातलं बोलत नाही. आणि बाईंशी कसं बोलावं? सगळ्यांसमोर उभं करू नका, गृहपाठ फळ्यावरून उतरवला का तेवढं बघा, एवढंच मागायचंय. कुणी शाळेला लेखी दिलं होतं का? काय लिहिलंत? मेसेज केलात तरी चालेल. जूनमध्ये नवा वर्ग सुरू होईल, त्याआधी भेटायचं आहे.